जीप फसली तर लागणारं सामान

फ्रिजवर चिकटवलेली यादी दिवाकररावांनी तिसऱ्यांदा वाचली आणि तिसऱ्यांदा नाक मुरडलं. ओढायचा पट्टा एक, तो अडकवायच्या लोखंडी कड्या म्हणजे शॅकल दोन, हातमोजे, फावडं, टायरची हवा मोजायचं मीटर, हवा भरायचा छोटा पंप आणि एक जाड सतरंजी. झालं, संपली यादी. एवढ्याशा सामानात म्हणे रेतीत फसलेली जीप बाहेर निघते.

आता हे दिवाकरराव कोण, ते आधी सांगायला पाहिजे. रायपूरच्या रेल्वेत बत्तीस वर्षं ब्रेकडाउनच्या गँगमध्ये काढलेला माणूस. रुळावरून उतरलेले डबे पुन्हा रुळावर चढवायचे, हेच त्यांचं काम. हूटरचे चार लांब भोंगे झाले की ताटावरून उठायचं, कोपऱ्यातली भरलेली पिशवी उचलायची आणि अपघाताच्या जागी जाणाऱ्या राहत गाडीत जाऊन बसायचं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. चौबे कॉलनीतल्या घरात पिशवी अजून त्याच कोपऱ्यात होती, पण भोंगा काही वाजत नव्हता. लोक म्हणत, आता आराम करा. आराम करून करून माणूस कंटाळला होता. त्यांना कोणीतरी बोलवायला पाहिजे होतं, बाकी काही नाही.

यादी होती मुलीची, ऋताची. पोरगी विमा कंपनीत नोकरीला, आणि तिनं गेल्या महिन्यात जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. एका क्लबात नाव घातलं होतं. येत्या रविवारी ती मंडळी महानदीच्या कोरड्या पात्रात गाड्या उतरवणार होती. क्लबाचा नियम कडक. सामान तपासल्याशिवाय गाडी खाली सोडायची नाही, आणि बाजूच्या सीटवर ते सामान हाताळणारा एक माणूस पाहिजेच. ती बाजूची सीट अजून कोणाच्या नावावर नव्हती. ऋतानं जेवताना सहज म्हटलं होतं, "देखते हैं, निधीले विचारते." निधी म्हणजे तिच्या ऑफिसातली मैत्रीण. तेव्हापासून दिवाकरराव त्या यादीसमोर घुटमळत होते, कारण ती सीट त्यांना पाहिजे होती.

हे सुशीलाबाईंना पहिल्याच दिवशी कळलं. बत्तीस वर्षं भोंगा ऐकून नवऱ्याचा डबा भरलेली बाई ती, तिला काय सांगायला लागते?

"तिले सरळ सांगा ना, मले यायचं आहे म्हणून," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"मी काहून सांगू? भोंगा वाजला की गँग जाते. गँगनं जाऊन भोंगा वाजवायचा नसते."

"मग बसा कान टवकारून."

दिवाकरराव बसले नाहीत. त्यांच्या डोक्यात एक बेत शिजला, आणि तो बेत, खरं सांगायचं तर, बत्तीस वर्षं इमानदारीत नोकरी केलेल्या माणसाला शोभणारा नव्हता. सामानच असं दणदणीत करायचं, की ते उचलणं कोण्या पोरीसोरीचं काम राहणार नाही. मग निधी आपोआप गळते आणि सीटवर कोण बसते, हे विचारायची गरजच पडत नाही.

शहराबाहेर कारखान्यांच्या भागात, सिलतऱ्याला, त्यांच्या गँगमधला श्यामराव होता. आता तो तिथल्या एका लोखंडाच्या यार्डात सुपरवायझर. दिवाकररावांनी फोन लावला आणि ऋताला सांगितलं, "तुझं सामान मी जमवतो. तू फक्त शनिवारी गाडी घेऊन चाल." पोरगी खूश झाली. तिनं आपल्याकडून पट्टा आणि शॅकल आधीच मागवून ठेवले होते, ते कौतुकानं काढून दाखवले. नारंगी रंगाचा, तळहाताएवढा रुंद, ताणला तर लांबणारा पट्टा.

दिवाकररावांनी तो दोन बोटांत धरला. "ही तं परकराची नाडी आहे. हिनं तू गाडी ओढशील?"

"बाबा, आठ टन तक का है."

"कागदावर."

शनिवारी दुपारी दोघं सिलतऱ्याला पोचले. श्यामरावनं सामान मांडूनच ठेवलं होतं. अंगठ्याएवढा जाड तारेचा दोर, चेनपुली, दोन स्क्रू जॅक, माणसाच्या उंचीची सब्बल म्हणजे लोखंडी पहार, साखळी, आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरचे चार तुकडे. यार्डाचा नियम असा, की तिथून काहीही तोलल्याशिवाय बाहेर जात नाही. धरमकाट्याची चिठ्ठी ऋताच्या हातात आली.

"दोनशे वीस किलो," तिनं वाचलं. "बाबा, हे म्हणजे तीन माणसं झाली."

"तीन माणसांचं काम करते ते."

"आणि हे उतरवणार कोण?"

दिवाकरराव नुसते हसले. ह्याच प्रश्नाची तर ते चार दिवसांपासून वाट पाहून राहिले होते. पण ऋतानं सगळं मागे चढवून घेतलं. तिनं गाडी सुरू केली.

यार्डाच्या फाटकाकडे जाणारा रस्ता पक्का होता, पण त्यावर ट्रक उभा होता. ऋतानं शेजारून गाडी काढली. शेजारी होती राखड. कारखान्यांची काळी, मऊ, वरून टणक दिसणारी राखड. रिकामी गाडी तिच्यावरून गेली असती. ही गाडी वीस पावलं गेली, मागून दबली आणि थांबली. ऋतानं गॅस दिला, तशी मागची चाकं आणखी खाली गेली. उतरून बघतात तो काय, मागचा एक्सल राखडीला टेकलेला.

ऋता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "गाडी काढायच्या सामानानंच गाडी फसवली, बाबा."

दिवाकररावांना ते लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना, कारण पोरगी खरं बोलून राहिली होती.

तेवढ्यात यार्डातले सातआठ जण गोळा झाले. आपल्याकडे गाडी फसली की प्रत्येक जण इंजिनिअर होते. एक म्हणे ढकला, दुसरा म्हणे दगड लावा. श्यामराव पिकअप घेऊन आला. कोणीतरी तो जाड तारेचा दोर उचलून पिकअपला बांधायला लागलं, आणि दुसरं टोक घेऊन एक जण जीपच्या बंपरकडे निघाला. ऋता ओरडून सांगत होती, की तारेचा नको, पट्टा लावा, पण त्या गलक्यात तिचं कोण ऐकते.

"थांबा."

आवाज मोठा नव्हता. पण असा आवाज ऋतानं बाबांच्या तोंडून घरात कधी ऐकला नव्हता. श्यामरावनं ऐकला होता. त्यानं पिकअपचं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सरळ उभा राहिला.

"आता एकच माणूस बोलेल," दिवाकरराव म्हणाले. "तो दोर सोडा. आधी माझं लोखंड गाडीतून उतरवा, सगळं. ऋता, चारही चाकांची हवा अर्धी कर. फावडं कोणाजवळ आहे? चाकांसमोरची राख काढा, उतार करा. पट्टा बंपरले नाही, चेसिसच्या हुकाले लागेल. शॅकलची पिन पुरी कसून थोडी उलटी फिरवा."

ज्याला जे सांगितलं, ते त्यानं केलं. लोखंड खाली आलं तशी जीप चार बोटं वर उठली. दिवाकररावांनी यादीतली म्हणून गाडीत आणलेली सुशीलाबाईंची निळी सतरंजी घेतली आणि लावलेल्या नारंगी पट्ट्यावर मधोमध टाकली.

"ये किसलिए, भैया?" एकानं विचारलं.

"पट्टा तुटला तं हवेत उडू नये, खाली बसावा म्हणून."

मग त्यांनी फावड्यानं जमिनीवर लांब रेघ ओढली. सगळ्यांना तिच्या मागे उभं केलं आणि म्हणाले, "हजेरी."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. श्यामराव मात्र लगेच बोलला, "श्यामराव हाजर." मग त्यानं आपला डावा हात वर करून सगळ्यांना दाखवला. दोन बोटं नव्हती. "भाटापाऱ्याकडे डबा ओढताना तारेचा दोर तुटला. मी कुठे उभा आहे, कोणाले माहीतच नव्हतं. तेव्हापासून दिवाकरभाऊंच्या गँगमधे हजेरी झाल्याशिवाय कोणी ओढत नव्हतं. बोला, नावं बोला."

एकेकानं आपलं नाव सांगितलं. दिवाकररावांनी बोटांवर मोजलं. शेवटी स्टिअरिंगवरून आवाज आला, "ऋता हाजर." त्यांनी हात खाली केला, पिकअप हळू पुढे गेली, नारंगी पट्टा ताणत ताणत लांबला, आणि जीप राखडीतून अशी उठून आली, की कोणाला झटकासुद्धा बसला नाही.

परतीच्या रस्त्यावर जीप हलकी झाली होती. लोखंड सगळं श्यामरावकडेच ठेवून आले होते. विधानसभा रोडच्या वळणावर दिवाकररावांनी मांडीवरच्या नारंगी पट्ट्याची राख झटकली.

"तुझी नाडी बरी आहे."

"हव," ऋतानं मान हलवली.

"तारेचा दोर काय करते, हे मले माहीत होतं. श्यामरावची बोटं मीच रुमालात बांधली होती. तरी मी तो घेतला." ते थांबले. "निधीले उचलता येऊ नये म्हणून घेतला. मले वाटलं, मग तू मले नेशील. चुकलं माझं."

ऋतानं त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. ओठ घट्ट दाबून धरले होते तिनं. रागावली आहे की हसू दाबून राहिली आहे, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं गिअर बदलला, आणि दिवाकरराव धरून चालले, की सीट गेली.

संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यातली जुनी पिशवी रिकामी केली. पट्टा घडी करून तळाशी, त्यावर शॅकल फडक्यात गुंडाळून, मग मीटर, पंप, हातमोजे. राख झटकून सतरंजी वर. फावडं बाहेरून बांधलं. यादीतलं सगळं, यादीपेक्षा एकही जास्त नाही. सगळी पिशवी एका हातानं उचलली जात होती. मग चष्मा लावून त्यांनी निधीसाठी कागद लिहिला. हिंदीत, मोठ्या अक्षरात. पट्टा कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही, रेघ ओढायची, हजेरी घ्यायची. हजेरीखाली दोन रेघा मारल्या. मन खट्टू होतं, पण काम चोख झालं होतं. कागद पिशवीत ठेवून त्यांनी पिशवी दाराशी नेली.

"ऋताले सांग, सगळं आहे म्हणावं," ते सुशीलाबाईंना म्हणाले.

"सांगते ना." त्या मटकी भिजत घालून राहिल्या होत्या. जरा जास्तच घालत होत्या, पण दिवाकररावांचं आज कशाकडे लक्ष नव्हतं.

सकाळी सहाला त्यांना जाग आली ती गाडीच्या आवाजानं. ऋता निघाली वाटते. ते उठले नाहीत. पांघरूण ओढून कूस बदलली. उठून टाटा करायचं म्हणजे पुन्हा हसरं तोंड करायला लागते.

आणि तेव्हा गल्लीत हॉर्न वाजला. लांब, चांगला पाच सेकंद. थांबला. पुन्हा लांब. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. पुन्हा लांब. दिवाकरराव उठून बसले. चौथा भोंगा संपायच्या आत त्यांचे पाय चपला शोधत होते.

दाराशी सुशीलाबाई उभ्या होत्या. एका हातात त्यांचा जाड शर्ट, दुसऱ्या हातात दोन माणसांचा डबा. "चार लांब झाले," त्या म्हणाल्या. "मोजले मी."

"निधी?"

"ते पोट्टी झोपली आहे आपल्या घरी. तिले कालच सांगितलं ऋतानं, पुढच्या वेळी ये म्हणून. तुम्हाले सांगणार होती काल, मीच म्हटलं, सांगू नको. तुझ्या बाबाले सांगितलेलं चालत नाही, भोंगा लागते."

दिवाकररावांनी बायकोच्या हातून शर्ट घेतला. तो चढवला, वरचं बटण खालच्या काजात गेलं, ते तसंच राहू दिलं. डबा घेतला, पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर आले. चौबे कॉलनी नुकती उठत होती. वरच्या मजल्यावरच्या एका काकू गच्चीत येऊन, इतक्या सकाळी हॉर्न कोण वाजवते म्हणून पाहत होत्या. दिवाकररावांनी त्यांना ऐटीत नमस्कार केला.

पिशवी मागे ठेवून ते बाजूच्या सीटवर बसले. सीटचा पट्टा लावला. ऋतानं इंजिन चालू ठेवलं होतं, पण गाडी काही पुढे नेईना.

"चाल ना आता. काय झालं?"

"ऋता हाजर," ती समोर पाहत म्हणाली, आणि थांबून राहिली.

दिवाकररावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"दिवाकर हाजर," ते म्हणाले. "चाल बेटा."