दोन बिऱ्हाडांची डिस्क

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी, एका काळ्या डबीत माझा मुक्काम असतो. आठवड्यातून एकदा मला वीज मिळते. तासभर फिरते आणि पुन्हा शांत होते. मी एक हार्ड डिस्क आहे.

माझा जन्म धूळ नसलेल्या एका दालनात झाला. मला जोडणाऱ्या माणसांचे फक्त डोळे दिसत होते. बाकी सारे अंग झाकलेले होते. माझ्या पोटात दोन गुळगुळीत चकत्या आहेत. त्या मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या घेतात आणि त्यांच्यावरून एक नाजूक टोक तरंगत असते. ते टोक चकतीला टेकत नाही. दोघांमधले अंतर केसाच्या जाडीहून हजारो पट कमी असते. म्हणून मला धक्का सोसत नाही. टेबलावर कोणी हात आपटला तरी मला कळते, आणि शेजारी कोणी मोठ्याने बोलले तरी कंप जाणवतो. या घरातली माणसे मला अशीच ओळखू येतात. आई हळू टाइप करते. मुलगी खुर्चीवर बसत नाही, आदळते.

आई वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिचे काम तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. एका जुन्या तळ्याच्या तळातून नळी खुपसून चिखल काढलेला होता. जितका खोल चिखल, तितका जुना काळ. त्या चिखलात हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचे परागकण अडकून राहिलेले असतात. आई थराथरातला चिखल धुऊन त्याच्या काचा तयार करी, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजी आणि आकडे माझ्यावर साठवी. कुठल्या काळी तिथे गवत होते, कुठल्या काळी पाइनचे वन होते, ते त्या आकड्यांवरून कळायचे होते. सहा वर्षे हे काम चालले. या कामासाठी प्रयोगशाळेने दिलेली ऑपरेटिंग सिस्टीम माझ्यावर होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरच्या घराचा कारभारी. त्याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही.

आईला दोन मुले. मोठ्याला सगळे दादा म्हणत, आणि धाकटीला दादा शेंडेफळ म्हणे. दोघांना पूल बांधण्याच्या एका खेळाचे वेड होते. नदी समोर यायची, मोजके खांब आणि तुळया मिळायच्या आणि बांधलेल्या पुलावरून गाडी पार न्यावी लागायची. पण खेळ करणाऱ्यांनी तो दुसऱ्याच सिस्टीमसाठी केलेला होता. दादाने तो आईच्या सिस्टीममध्ये चालवून पाहिला. गाडी यायच्या आधीच पूल आपोआप कोसळायचा.

"दादा, तुझ्या पुलाला गाडी नको, वाराच पुरतो," शेंडेफळ म्हणाली.

"पूल चांगला आहे. जमीन परकी आहे," दादा म्हणाला.

पुढे त्याला दूरच्या गावी नोकरी लागली. जाण्याआधीच्या रविवारी त्याने माझी वाटणी केली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. पण माझ्यावर दोन बिऱ्हाडे सुखाने राहू लागली. एका भागात आईची सिस्टीम, दुसऱ्या भागात खेळांची. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि विचारायच्या, आज कोण? एका वेळी एकच कारभारी जागा व्हायचा. मध्ये एक सामायिक जागा होती. दोघांनाही ती उघडता येई. आईचे तक्ते तिथेच असत, कारण कधीमधी दादा दुसऱ्या सिस्टीमवरून त्यांचे आलेख काढून देई. या जागेला घरात मधली खोली म्हणत.

दादाने बहिणीला दोन नियम सांगितले. आईची सिस्टीम पूर्ण बंद असल्याशिवाय आपली उघडायची नाही. आणि मधल्या खोलीत खेळाचे काहीही ठेवायचे नाही.

ते माझे चांगले दिवस होते. आठवडाभर परागकणांचे आकडे, रविवारी दुपारी पूल. दादा तिकडून खांब रोवी, शेंडेफळ इकडून तुळया टाकी, आणि दोघांचे भांडण फोनवर चाले. "अगं, त्रिकोण कर, त्रिकोण! चौकोन मान टाकतो!" हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! आई कधी मागे उभी राहून बघे. "मुंगी चालली तरी पडेल हा," असे म्हणून निघून जाई.

मग आईचे डोळे दुखू लागले. सरळ रेषा तिला वाकडी दिसू लागली. रोज सकाळी पडद्यावरच्या दहा खिडक्या शोधून उघडताना डोळ्यांना ताण पडे, म्हणून प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीने तिला युक्ती दाखवली: कॉम्प्युटर बंद करू नकोस, झोपव. झोपवले की पडद्यावरचा सारा पसारा जसाच्या तसा माझ्यावर उतरवून ठेवला जातो आणि वीज जाते. सकाळी उठवले की पसारा होता तसा पुन्हा मांडला जातो. बाहेरून पाहिले तर पडदा काळा, दिवा विझलेला. बंद आणि झोपलेला यांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही.

पण फरक असतो, मित्रांनो. झोपलेल्या कारभाऱ्याच्या डोक्यात मधल्या खोलीचा कालचा नकाशा असतो. तो झोपेत असताना तिथे कोणी सामान हलवले, तर उठल्यावर तो जुन्या नकाशाप्रमाणेच काम करतो. जिथे वस्तू आहे तिथे त्याला रिकामी जागा दिसते.

आईने शेवटची काच मोजून संपवली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितले, यापुढे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा नाही. आई घरी येऊन म्हणाली, "बरं झालं, मोजणी पुरी झाली. आता फक्त अहवाल."

त्यानंतरच्या रविवारी दादा आणि शेंडेफळ यांनी खेळातला सर्वांत लांब पूल बांधला. तीन महिने तो पडत होता. त्या दुपारी गाडी पार गेली. शेंडेफळाने त्याचे चित्रण केले होते, पण खेळांच्या भागात जागा उरली नव्हती. तिने ते मधल्या खोलीत ठेवले. उद्या हलवीन, असे म्हणाली. आईची सिस्टीम तेव्हा झोपलेली होती.

मी दोघींचे हुकूम पाळत होते. मला बोलता येत असते, तर मी तेव्हा ओरडले असते.

सोमवारी सकाळी आईने सिस्टीम उठवली. शेवटच्या काचेचे आकडे तपासले, जतन केले. तासाभराने तिने तक्त्यांचा कप्पा उघडला, तर नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसला. तिने सिस्टीम बंद करून पुन्हा सुरू केली. आता कप्पाच नव्हता. तिने पेन ड्राइव्ह शोधला. त्यावरची प्रत तीन महिन्यांपूर्वीची होती. डोळे दुखू लागल्यापासून प्रत काढायचे काम मागेच पडले होते. एकूण एक्केचाळीस काचांचे आकडे त्यात नव्हते, आणि त्या काचा तळ्याच्या सर्वांत खालच्या थराच्या होत्या. सहा वर्षांच्या कामाला तळच उरला नव्हता, आणि ते पुन्हा मोजणारे डोळेही नव्हते.

"डिस्क गेली," आई मैत्रिणीला फोनवर म्हणाली. "म्हातारी झाली होती. सगळं पुसून नवी सिस्टीम टाकते. निदान उरलेल्या आकड्यांवर काम सुरू करते."

मला म्हातारी म्हटल्याचे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले, की हरवलेले आकडे अजून माझ्यावर होते. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी पुसली होती. माझ्यावर नवे काही लिहिले, की मग आकडेही जाणार होते.

शेंडेफळ शाळेतून आली. आईने तिला दोन वाक्यांत सांगितले आणि पाठ फिरवली. मुलगी दप्तर न काढता आतल्या खोलीत गेली आणि तिने दादाला फोन लावला. त्यांचे बोलणे पुढे या घरात इतक्या वेळा निघाले, की मला ते पाठ आहे.

"दादा, आईचे आकडे गेले. काल मी आपलं चित्रण मधल्या खोलीत ठेवलं होतं."

"काय सांगितलं होतं मी तुला?"

"पण आईचा कॉम्प्युटर बंद होता! दिवासुद्धा नव्हता."

"आई बंद कसा करते? नीट आठव."

"बंद नाही करत. झोपवते. डोळे दुखायला लागल्यापासून."

दादा म्हणाला, "मी नियम फक्त तुला सांगितले. तिला सांगितलेच नाहीत. आई काय करतेय आत्ता?"

"सगळं पुसून टाकतेय."

"पळ! तिला म्हण, एक अक्षर लिहू नकोस त्याच्यावर."

"तू सांग ना. ती मला..."

"मी फोन लावीन, ती चष्मा शोधेल, तोवर बटण दाबलं जाईल. तू घरातच आहेस. जा."

पडद्यावर तेव्हा प्रश्न आला होता: सर्व काही पुसायचे, नक्की? आईचे बोट कळेवर होते.

"आई, थांब. हात काढ तिथून."

"काय गं?"

"डिस्क बिघडलेली नाही. मी बिघडवलंय."

आईने तिच्याकडे पाहिले. मग खाली वाकून तिने भिंतीतला प्लग ओढला. माझ्या चकत्या मंदावत मंदावत थांबल्या. पुढचे मला दोघींच्या बोलण्यातूनच कळले. आईने पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग. किती वाजता ठेवलंस? केवढी फाइल होती?" मुलगी रडत सांगत होती आणि आई लिहून घेत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "रागवायचं की नाही ते मी नंतर ठरवते. आधी काय उरलंय ते बघू."

दुरुस्तीवाल्याने मला चार दिवस वाचले. त्याने आईला विचारले, "ताई, गडबड झाल्यावर हिच्यावर आणखी काही लिहिलंत?"

"नाही. मुलीनं वेळेवर थांबवलं."

"म्हणून मिळालं. नाहीतर मी नुसती मान हलवली असती."

एक्केचाळीसपैकी छत्तीस काचांचे आकडे परत आले. पाचांचे गेले. त्या जागी मुलीच्या पुलाचे तुकडे सापडले. तो पूलही पुरा उरला नव्हता.

घरात नवी डिस्क आली आणि मी या डबीत आले. एका संध्याकाळी दोघी टेबलाशी बसल्या होत्या.

"पाच ठिकाणी रिकामं सोडावं लागेल," आई म्हणाली.

"काचा आहेत ना अजून?"

"काचा आहेत. डोळे नाहीत."

"माझे आहेत."

आई हसली नाही. "हा खेळ नाही. पडला तर पुन्हा बांधू, असं इथे चालत नाही."

"मग तू तपास मला."

आईने तिला पाचांपैकी एकही काच दिली नाही. आधी आकडे शाबूत असलेली एक जुनी काच दिली आणि आकडे झाकून ठेवले. पाइनच्या कणाला दोन बाजूंना उंदराच्या कानांसारख्या हवेच्या पिशव्या असतात. गवताचा कण गोल, त्याला एकच भोक. मुलीने गवताचे दोनशे बारा कण मोजले. आईच्या नोंदीत एकशे सत्याऐंशी होते.

"चुरगळलेलेही धरलेस. भोक दिसलं नाही तर गवत म्हणायचं नाही. ओळखू न येणाऱ्यांत टाक."

"पण गवतासारखेच दिसतात."

"दिसणं आणि असणं यांतलाच फरक मोजायला बसलोय आपण."

तिसऱ्या जुन्या काचेला दोघींच्या आकड्यांत चारांचा फरक पडला. आईने पुन्हा एकदा दोन्ही आकडे पाहिले. मग उठून तिने कपाटातून आकडे हरवलेल्या पाचांपैकी पहिली काच आणली.

पाच काचांना सात रविवार लागले. दादा फोनवर असे, पण पुलाचे नाव कोणी काढले नाही. मुलगी आकार सांगे, चित्र काढून दाखवी. आई डोळे मिटून ऐके, मग चित्र बघून नाव सांगे. तिने रागवायचे की नाही, हे ठरवलेले मला अजून कळलेले नाही.

अहवालाच्या तक्त्यात शेवटचा रकाना असतो: मोजणी कोणी केली. सगळीकडे आईचे नाव होते. त्या पाच ओळींपाशी येऊन तिने मुलीचे पूर्ण नाव लिहायला घेतले.

"माझं नको लिहूस," मुलगी म्हणाली. "चूक माझी होती."

"चूक कोणाची, असा रकाना यात नाही," आई म्हणाली. "मोजणी कोणाची, एवढाच आहे."

मित्रांनो, त्या पाच ओळी नव्या डिस्कवर आहेत आणि त्यांची प्रत माझ्यावर आहे. दर रविवारी शेंडेफळ मला वीज देते, आठवड्याचे काम उतरवते आणि मगच खेळ उघडते. तुमच्याकडून मला फार काही नको. जे हरवू नये ते दोन जागी ठेवा. आणि एखाद्या यंत्राचा दिवा विझलेला असला, तरी त्याला हात लावण्याआधी त्यावर काम करणाऱ्या माणसाला एकदा विचारा. तरीही चूक झालीच, तर पळत जाऊन सांगा. मी त्या दिवशी वाचले ती मुलगी दारातून धावत आली म्हणून. ती दाराशी घुटमळली असती, तर एवढे सांगायलाही माझ्यापाशी काही उरले नसते.