पाचवा महिना

“पाचव्यात नुसता गोळाच असतो हो, विहीणबाई. तुम्हीच समजवा तिला,” असं म्हणून लेकीची सासू रिकामा डबा उचलून दवाखान्यातून निघून गेली.

रंगवाल्या मावशी लेकीच्या पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या. गेली बावीस वर्षं त्या एका कारखान्यात नर्सिंगच्या शाळांसाठी पोटातल्या बाळाची मॉडेलं रंगवत होत्या, पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत. कुणीतरी चौथ्या महिन्याचे डोळे उघडे रंगवले, म्हणून एकदा त्यांनी अख्खी खेप पुसायला लावली होती. मालकानं कपाळाला हात लावला होता, “मावशी, पोटात डोकावून कोण बघणार आहे?”

“मी बघते ना,” त्या म्हणाल्या होत्या.

लेकीचं पाचव्यातच गेलेलं हे बाळ मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. “सकाळीच नेलं,” नर्स म्हणाली. “इतकं लहान आम्ही दाखवत नाही.” कागदावर वजन तेवढं लिहिलेलं होतं.

भिंतीकडे तोंड करून पडलेली लेक वळली. “आई, कसं असेल गं ते?”

“वीतभर.” मावशींनी अंगठा आणि करंगळी ताणून हात चादरीवर टेकवला. “भुवया आलेल्या. अंगभर कोवळी लव. नखं. बोटांच्या टोकांवर रेघासुद्धा.”

“म्हणजे गोळा नव्हता.”

“गोळा म्हणणारीच्या डोक्यात असेल.”

लेक हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

“आणि ऐकू येत होतं त्याला?”

मावशींनी चादरीवरचा हात उचलून घेतला.

“सांग ना. रोज चालायचं गं त्या घरात. ह्यांचं ओरडणं, सासूबाईंचं टाकून बोलणं. एकदा चिडून मीच म्हणाले, नकोच मला हे पोर. मोठ्यानं म्हणाले, आई.”

मावशींनी चादरीची सुरकुती सरळ केली.

“छे! पाचव्यात कुठलं ऐकू येतंय? कान असतात ते नुसते दिसायला. ऐकू यायला सातवा उजाडतो.”

“सातवा?”

“सातवा.”

लेकीनं आईकडे पाहिलं. शाळा सुटल्यावर ती रोज त्याच कारखान्यात, आईच्या टेबलाखाली बसून वाढली होती. पाढ्यांच्या आधी तिला महिने पाठ झाले होते, कितव्यात नखं येतात, कितव्यात ऐकू येतं.

आईला टेकायला जागा व्हावी म्हणून ती पलंगाच्या कडेला सरकली.