झाडलेला घाट

"मासं कुठं हायत?" जीपमधून उतरता उतरताच चिमणाबाईनं विचारलं.

घाटावर एकही मासा नव्हता. पायऱ्या धुतलेल्या होत्या, दोन्ही कडांना फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि वरच्या पायरीवर रांगोळीनं 'सुस्वागतम्' काढलं होतं. शेजारी ग्रामपंचायतीचा शिपाई सिद्धाप्पा खराटा घेऊन अदबीनं उभा होता.

आदल्या दिवशी वरच्या अंगाच्या डिस्टिलरीनं पंचगंगेत काळं पाणी सोडलं होतं. सकाळी घाटावर मेलेल्या माशांचा खच: मरळ, तांबर, वांब, सगळेच. हे दरवर्षीचंच. तपासणी येईपर्यंत मासे वाहून जायचे आणि आमचा थेंबही बाहेर पडत नाही, असं डिस्टिलरी म्हणायची. चिमणाबाई भोयाची, नदी मेली की तिची चूल मेली. यंदा ती स्वतः कोल्हापूरला गेली, प्रदूषण मंडळाच्या तपासणीच्या मॅडमच्या दारात बसली आणि त्यांना घेऊनच आली. निघताना तिनं ग्रामपंचायतीत फोन केला होता, "मॅडम येत्यात."

साहेब येणार म्हटलं की सिद्धाप्पाचा हात खराट्याकडे जाई. त्याची सगळी नोकरी साहेबांसाठी झाडण्यातच सरली होती. पुराचं नुकसान बघायला पथक आलं, तेव्हा त्यानं घरांच्या भिंतींवरच्या चिखलाच्या खुणासुद्धा धुऊन काढल्या होत्या. पथक खूष झालं. गावाचं फारसं नुकसान दिसत नाही, असं लिहून गेलं.

आजही सगळं गाव त्याच्या हाताखाली झाडायला आलं. डिस्टिलरीनं आपणहून ट्रॅक्टर पाठवला. त्यावर 'सामाजिक बांधिलकी' असा फलक होता.

"मासे कुठे नेले?" मॅडमनी विचारलं.

"ट्रॅक्टरनं गेलं की. लई वास मारत हुतं, मॅडम. तुमी येनार म्हटल्यावर..."

ट्रॅक्टर कुणाचा, हे सांगायला सिद्धाप्पानं राजवीरकडे पाहिलं. राजवीर डिस्टिलरीचा पर्यावरण अधिकारी. शहाळी घेऊन तो सगळ्यांच्या आधी हजर होता.

"कसले मासे?" राजवीर म्हणाला. "घाट बघा, मॅडम. जिल्ह्यात असा घाट नाही."

मॅडमनी बाटलीत पाणी भरून घेतलं. पाणी एव्हाना निवळलं होतं. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. जे दिसलं ते फार स्वच्छ होतं.

"खून झाल्यावर पोलीस यायच्या आत फरशी पुसून रांगोळी घातलीस की रं!" चिमणाबाई म्हणाली.

"वैनी, पावण्यांम्होरं घाण कशी..."

"घाण न्हवती रं ती. माझं गाऱ्हाणं हुतं."

जीप गेली. जाताना राजवीरनं सिद्धाप्पाच्या हातात एक शहाळं दिलं. "शाब्बास, मामा." त्या दिवशी गावात शाबासकी मिळालेला तो एकटाच. लोक पांगले तरी ते शहाळं त्याला पिताही येईना आणि खाली ठेवताही येईना.

संध्याकाळी वरून आणखी मासे वाहत आले आणि पायऱ्यांना लागले. चिमणाबाईनं फोन लावला. मॅडम दुसऱ्या तालुक्यात होत्या.

अंधार पडायच्या सुमाराला सिद्धाप्पा खाकी कपड्यांतच त्या माशांजवळ बसला होता. कुत्रं जवळ आलं की हाकलत होता.

"काय राखतोयस?" पाण्याला आलेल्या कुणीतरी विचारलं. "मॅडम काय आता येत न्हाईत."

"ठावं हाय," तो म्हणाला आणि कावळ्याच्या दिशेनं खडा भिरकावला.