हरकत माझ्या पोटात होती

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. हार्मोनियमची नव्हे, अर्पणाचीही नव्हे. चर्चच्या तरुण संघाची प्रश्नपेटी. वरच्या झाकणाला बोटभर लांब फट, पुढं चिमुकलं कुलूप, आणि अंगावर निळ्या रंगात लिहिलेलं : 'विचारा. नाव नको.' मित्रांनो, आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्या पोटात एका मुलीचं म्हणणं चोवीस दिवस कोंडून पडलं होतं. ते गोड करून सांगितलं तर मी खोटी ठरेन.

माझा जन्म चिकलठाण्याचा. तिथल्या एका कारखान्यात परदेशातून मशीन आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. खोकं फोडलं आणि मी भंगारात पडले. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या फकिरामामांनी मला उचललं. फकिरामामा रविवारी चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'सलाम' करायचे आणि गीतपुस्तक हातात द्यायचे. त्यांना सुलेखाताईनं पेटी करायला सांगितली होती.

"फट केवढी ठेवू गं?" मामांनी विचारलं.

"चिठ्ठी जाईल एवढी. हात जाणार नाही एवढी."

"म्हंजे चोराची भीती हाय व्हय?"

"चोराची नाही मामा. चौकशा करणाऱ्यांची."

सुलेखाताई जालना रोडवरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि शनिवारी संध्याकाळी तरुण संघ चालवायची. चर्चच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस पोरं-पोरी जमायची. माझी जागा खिडकीत होती, दाराच्या आड. मुद्दामच. चिठ्ठी टाकताना कोणी कोणाला दिसू नये म्हणून.

ती मला दर शनिवारी उघडायची. सभेच्या आधी, एकटी. चिठ्ठ्यांचे दोन भाग करायची. जे प्रश्न सगळ्यांचे, ते सभेत घ्यायची. 'बौद्ध मैत्रिणीच्या घरी वंदनेला गेले तर पाप लागेल का?' यावर तिनं आधी विचारलं, "खीर खाल्ली का?" पोरं हसली आणि मग तासभर मोकळं बोलली. 'पाळकसाहेबांचा संदेश एवढा लांब का असतो?' यावर ती म्हणाली, "हा प्रश्न मलासुद्धा आहे." उत्तर येत नसेल तर सरळ सांगायची, "मला माहीत नाही, विचारून येते." आणि पुढच्या शनिवारी खरंच विचारून यायची. पोरांचा विश्वास बसतो तो एवढ्यानंच. पाठ केलेल्या वचनांनी बसत नाही.

दुसरा भाग दुखण्याचा. त्या चिठ्ठ्या तिनं कधीही, एकदाही वाचून दाखवल्या नाहीत. सभा संपताना एवढंच म्हणायची, "चिठ्ठी पोचली. बुधवारी पाच ते सात मी इथंच आहे, दार उघडं ठेवून. जिवावरचं काही असेल तर मी गप्प बसणार नाही, तेही आधीच सांगते." बुधवारी कोणी ना कोणी यायचंच. ती बोलायची थोडं, ऐकायची जास्त. सहा वर्षं असं चाललं. माझं लाकूड फुगायचं अभिमानानं.

मग सुलेखाताईला गंगापूरच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. जाताना तिनं माझी किल्ली राजेंद्रच्या हातात दिली. राजेंद्र चोवीस-पंचवीसचा, गळा गोड, गिटार वाजवणारा.

"दर शनिवारी उघड. एकट्यानं उघड. आणि वाचलेलं पोटात ठेव," ती म्हणाली.

"ताई, टेन्शनच घेऊ नका. मी तीन महिन्यांचा युवा नेतृत्वाचा कोर्स केलाय."

"कोर्समध्ये पोटाचं शिकवत नाहीत रे."

तो हसला. खरं सांगते, पोरगा वाईट नव्हता. त्यानं खेळ आणले, रंगीत दिवे आणले, पोरांची संख्या तिसाच्या पुढं नेली. पंच खूश, पाळकसाहेब खूश. सगळे डोकी मोजत होते. डोक्यात काय चाललंय ते मात्र कुणी विचारत नव्हतं.

आता आमच्याकडची एक चाल सांगते. रविवारच्या उपासनेत वेदीसमोर विनंत्या वाचतात. अमक्याचं ऑपरेशन आहे, तमक्याला नोकरी हवी आहे, मंडळीनं प्रार्थना करावी. चाल चांगली आहे. ज्यानं आपण होऊन नाव दिलं त्याला त्यातून बळ मिळतं. पण राजेंद्रच्या डोक्यात बसलं होतं की प्रत्येक दुःख मंडळीपुढं ठेवलंच पाहिजे, मग ज्याचं दुःख त्याला विचारलं नाही तरी चालेल.

मे महिन्यात सोनियानं चिठ्ठी टाकली. सोनिया कडुबाची मुलगी. कडुबा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. पोरगी अठराची, वर्गात हुशार, बोलायला तिखट. चिठ्ठीत लिहिलं होतं : 'बारावीत माझे दोन विषय गेलेत. घरी पास झाले म्हणून सांगितलंय. आता काय करू?'

राजेंद्रला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की रविवारी त्यानं वेदीसमोर डोळे मिटून सांगितलं, "आपल्या तरुण संघातली एक बहीण बारावीत दोन विषयांत नापास झालीय. तिनं घरी लपवलंय. देवानं तिला खरं बोलायचं धैर्य द्यावं."

नाव घेतलं नाही म्हणे! साठ घरांची मंडळी. बारावीला बसलेल्या मुली दोनच. एकीचे पेढे सगळ्यांनी खाल्लेले. 'आमेन' म्हणायच्या आत सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडं वळल्या. तिथं कडुबा बसला होता, शेजारी सोनिया.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. उपासना सुटल्यावर वच्छलाबाई, स्त्रियांच्या मंडळाच्या पुढारी, कडुबाला म्हणाल्या, "मी म्हणतच व्हते, पोरीच्या हातात मोबाईल देऊ नगं. पण आमचं ऐकतंय कोण? असू दे, आम्ही लई प्रार्थना करतोय तिच्यासाठी."

त्या आठवड्यात आठ जण कडुबाच्या घरी धीर द्यायला गेले. धीर कसला, जखमेवर चोळायच्या मिठाच्या पुड्याच त्या. नववा यायच्या आत कडुबानं सोनियाचा मोबाईल काढून घेतला, जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरू दिला नाही आणि सिल्लोडला स्थळ बघायला सुरुवात केली.

माझ्यात चिठ्ठ्या येणं त्या रविवारपासून बंद झालं. पोरं येडी नसतात मित्रांनो. राजेंद्र चार शनिवार मला उघडत राहिला. पाचव्या शनिवारी उघडलंच नाही. मी खिडकीत रिकाम्या पोटानं बसून राहिले. एकदा कोणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे.

ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी कडुबाच्या घरची झाडलोटीची पाळी होती. आमच्यात पाळीपाळीनं एकेक घर चर्च झाडतं. सोनिया आईबरोबर आली. आई पुढचे बाक पुसत असताना ती झाडू घेऊन मागच्या खोलीत आली, दाराआड झाली आणि माझ्यात एक घडी टाकली. घडीवर लिहिलं होतं, 'सुलेखाताईला द्या. वेदीवर वाचू नका.' आत लिहिलं होतं : 'ताई, माझं लग्न ठरवतायत. मला नको आहे. मला फेब्रुवारीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. पुकार व्हायच्या आत या.'

पाळकसाहेबांकडं का गेली नाही? कारण मे महिन्यात तिचं गुपित फुटलं ते त्यांच्याच वेदीसमोर. ताईला फोन का केला नाही? फोन होता कुठं? तिच्यापाशी मी होते. एवढंच.

त्याच संध्याकाळी राजेंद्रनं मला उचललं. फकिरामामा म्हणाले, "अरे, बघ तरी उघडून."

"काय बघायचं मामा? पाच महिन्यांत कोण टाकतंय? नुसती बघितली तरी मला कसंतरी होतं."

त्याला माझी लाज वाटत होती. म्हणजे स्वतःचीच. उघडून बघायला दहा सेकंद लागली असती. त्यानं मला लोखंडी कपाटात ठेवलं, नाताळची चांदणी आणि मेंढपाळांच्या घोंगड्या यांच्यामध्ये, आणि कपाटाला कुलूप लावलं.

मित्रांनो, अंधार मला नवा नव्हता. माझ्या पोटात कायमच अंधार असतो. पण पेटीभोवती कपाट, कपाटाभोवती भिंत, आणि सगळ्यांच्या आत पोरीचं अक्षर, अशी कोंडी मी कधी भोगली नव्हती. पत्र्यातून सगळं ऐकू यायचं. शनिवारी गिटार. रविवारी गीतं.

आणि मग पुकार सुरू झाली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वर-वधूची नावं वेदीवरून वाचतात आणि विचारतात : कोणाची हरकत आहे का?

पहिल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "कुमारी सोनिया, कडुबा यांची कन्या... कोणास हरकत असल्यास कळवावे." कोणी बोललं नाही. हरकत माझ्या पोटात होती.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच शब्द. मागून एक म्हातारा खोकला. मी आतून फळ्या फुगवून पाहिल्या. लाकूड आहे मी. काय करणार?

तिसऱ्या रविवारी विचारून झाल्यावर पाळकसाहेब क्षणभर थांबले. माणसं म्हणतात ना, देव दार उघडतो. असेल. पण कपाटाची किल्ली माणसाच्या खिशात होती. "ही तिसरी आणि शेवटची पुकार," ते म्हणाले आणि पुढचं गीत सुरू झालं.

लग्न गुरुवारी होतं. मंगळवारी वच्छलाबाईंनी वेदीची जाळीची चादर काढायला कपाट उघडलं. सजावटीला मदत करायला गंगापूरहून सुलेखाताई आली होती. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"राजेंद्र, ही इथं का?"

"ताई, बंदच होती. कोणी टाकत नाही आता."

"किल्ली दे."

वाचताना ती खाली बसली. वच्छलाबाई वाकून म्हणाल्या, "काय गं, काय लिवलंय?" ताईनं घडी मुठीत मिटली. "मावशी, तुमची चादर मिळाली ना? मग जावा." एवढं कडक बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

राजेंद्र म्हणाला, "मी पळत जाऊन कडुबाकाकांना सांगतो."

"परत तेच? आधी बापाला नाही, आधी पोरीला विचारायचं. तिचं आहे ते. आजही तिचं हेच म्हणणं आहे का, ते तीच सांगेल."

सोनिया बाहेर फुलांच्या माळा ओवत होती. ताईनं तिला आत बोलावलं, दार उघडं ठेवलं, चिठ्ठी तिच्या हातात परत दिली. सोनियानं घडी ओळखली. 

"ताई, लई उशीर केला."

"व्हय. झाला. तुझं आजचं सांग."

"पत्रिका वाटल्यात. पातेली सांगितलीत. आबांनी सुट्टी टाकलीय."

"ते मी नाही विचारलं."

सोनियाचा आवाज फुटला. "नको आहे मला. फॉर्मची तारीख शुक्रवार हाय."

कडुबा दारात येऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. "मंडळीत एकदा माझं नाक कापलं. आता दुसऱ्यांदा?"

"आबा, पहिल्यांदा मी नाय कापलं," सोनिया म्हणाली. "ज्यानं कापलं तो हा उभाय."

राजेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो पुढं आला. "व्हय काका. मीच. सिल्लोडच्या पाहुण्यांना तोंड दाखवायला मी जातो. शिव्या मी खातो."

"तुझ्या शिव्यांनी माझी इज्जत परत येती व्हय?" कडुबा ओरडला. मग बाकावर बसला.  शेवटी पोरीला म्हणाला, "चल घरी." एवढंच. होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ती त्याच्यामागं गेली आणि मला कळेना, ती कोंडवाड्यातून सुटली की परत आत चालली.

गुरुवारी चर्चमध्ये चादर अंथरलीच नाही. बुधवारी राजेंद्र सिल्लोडला जाऊन आला होता. परतला तेव्हा शर्टाचा खिसा फाटलेला होता. कसा, ते त्यानं सांगितलं नाही. शुक्रवारी सोनियानं फॉर्म भरला. कडुबा बरोबर गेला होता, पण रांगेत उभा न राहता रस्त्याच्या पलीकडं उभा होता, असं ताईनं फकिरामामांना फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून कडुबाचं घर आमच्या चर्चला आलेलं नाही. येणारही नाही कदाचित. तो दोष त्यांचा नाही.

मी परत खिडकीत आहे. राजेंद्र आता दर शनिवारी मला उघडतो, एकटा, सभेच्या आधी. अकरा शनिवार झाले. एकही चिठ्ठी नाही. तो आत हात घालतो, कोपरे चाचपतो आणि कुलूप लावतो. बुधवारी पाच ते सात दार उघडं ठेवून एकटाच बसतो. गिटार आणत नाही. विश्वास मोडायला एक 'आमेन' पुरलं होतं. जोडायला किती बुधवार लागतील, मला ठाऊक नाही.

तरुणांचे पुढारी होऊ पाहणाऱ्या मित्रांनो, तुमच्यापुढं हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून सरळ बोलते. पोरांनी दिलेलं दुःख प्रार्थनेच्या नावाखाली वाटू नका. गिटार न वाजवता बसायला शिका. आणि पेटी ठेवणार असाल तर उघडा. लाज वाटली तरी उघडा, रिकामी असेल असं वाटलं तरी उघडा. ते जमणार नसेल तर मला ठेवूच नका. फोडा आणि चुलीत घाला. निदान कोणाचा तरी चहा होईल.