धबधब्याच्या अलीकडचा बूट

मित्रांनो, मी एक जुना डोंगरी बूट आहे. डाव्या पायाचा. वय बारा वर्षं, आणि आयुष्यात चाललो किती, तर जेमतेम दोन मैल!

लंडनमधल्या हाउन्सलोच्या लीलावतीबाईंनी मला सेलमध्ये घेतलं. त्यांना कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचा एक धबधबा पाहायचा होता. रानातून चालत गेल्यावरच दिसणारा. त्यांचे यजमान कमलाकर हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. ते म्हणाले, "रिटायर झालो की जाऊ, लीला."

बाईंनी मला कागदात गुंडाळलं, वेम्बलीच्या वाण्याच्या पिशवीत घातलं, दोन डांबरगोळ्या टाकल्या आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवलं. दर वर्षी त्या मला काढून पुसत. "अहो, बघा, किती छान राहिलेत!" आणि पुन्हा पिशवीत.

डॉक्टर म्हणत, "अगं, रविवारी फिरायला तरी घाल."

"इथल्या चिखलात? चांगले बूट आहेत ते!"

कपाटात मी व्हॅक्यूम क्लीनरला थापा मारत असे. मी एका ढांगेत सात धबधबे ओलांडले, एका मगरीला नाडीनं बांधून विमानात बसवलं, वगैरे. तो बिचारा धूळ गिळायचा, तशा माझ्या थापाही गिळायचा. पण मित्रांनो, आता सांगतो त्यात तिखटमीठ नाही. वर मी चकाकत होतो आणि आत माझ्या तळाचा भुगा होत होता. बुटाचा तळ नुसता पडून राहिला तरी कुजतो. मला ते कळत होतं. बाईंना कळवणार कसं?

यंदा डॉक्टर रिटायर झाले. आम्ही निघालो.

रानाच्या तोंडाशी वाटाड्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "हे बूट किती जुने आहेत?"

"ब्रँड न्यू!" बाई म्हणाल्या.

"एकदाही घातलेले नाहीत," डॉक्टरांनी अभिमानानं भर घातली. ते खरंच होतं.

दुसऱ्या ओढ्यात माझा तळ उचकटला. वाटाड्या म्हणाला, "परत फिरू या."

"आवाज येतोय, अहो! त्या वळणापलीकडेच आहे. बारा वर्षं थांबले मी."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं, वाटाड्याकडे पाहिलं, आणि खाली बसून आपला रुमाल माझ्याभोवती घट्ट बांधला. "सावकाश. माझा हात धर."

बाईंनी हात धरला. शेवाळलेल्या दगडावर त्यांचा पाय पडला मात्र, रुमाल घसरला आणि माझा तळ सुटून पाण्यात गेला. बाई आडव्या पडल्या. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी जवळून ऐकला. डॉक्टरांनीही ऐकला. चाळीस वर्षं लोकांच्या वेदना बंद करणाऱ्या त्या माणसाच्या खिशात पॅरासिटामॉलची एक पट्टी होती.

चार जणांनी बाईंना खाली आणलं. वळण तसंच राहिलं.

तिथे एक ऑपरेशन झालं, इथे दुसरं. तरी पाय काही पुन्हा चालता झाला नाही. आता बाई खिडकीशी खुर्चीत असतात. परवा त्या म्हणाल्या, "अहो, कपाटातलं सगळं बाहेर काढा. चांगले कप, शाली, सगळं." म्हणून, परत आल्यावर पुन्हा कपाटात गेलेला मीही बाहेर आलो.

तेवढ्यात नात आली, मायरा. "आजी, वॉटरफॉल कसा होता?"

बाई हसल्या. "अगं, काय सांगू! वर पाहिलं तर टोक दिसेना. एकावर एक तीन इंद्रधनुष्यं! आणि तुझे आजोबा काठावर उभे राहून चिंब भिजले, चष्म्याला वायपर हवे होते!"

"खरंच, आजोबा?"

डॉक्टर म्हणाले, "हो, अगदी." आणि स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी पिशवी असेल. आजच उघडा. आतलं जे असेल ते घाला, मळवा, झिजवा. आणि कुणाला कुठे न्यायचं असेल, तर त्याचे पाय चालताहेत तोवर न्या. आमच्यासारख्यांची निगा म्हणजे एवढीच.

मी सध्या दाराशी काळ्या पिशवीत आहे. उद्या कौन्सिलची कचरागाडी येईल. पुढे कुणी विचारलंच, तर मीही सांगणार, पाहिला. तीन इंद्रधनुष्यं होती. बाईंना मी खोटं पडू देणार नाही.