बाबांचा रकाना

ऑफिसात त्याला सगळे चौकटराव म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट, कपाटात प्रत्येक गोष्टीला स्वतःचा कप्पा हवा, आणि एका कप्प्यात दोन गोष्टी कोंबणारा माणूस पुढेमागे स्वतःही फसतो आणि चारचौघांनाही फसवतो, हे त्याचं ठाम मत. कुणी पत्त्याच्या रकान्यात 'बेल बिघडली आहे, हाक मारा' असं लिहून ठेवलेलं दिसलं की त्याच्या कपाळावरची आठी दुपारपर्यंत मोडत नसे. नवी मुलंमुली त्याला लांबून येताना पाहून चहाचे कप उचलून पसार होत. असल्या माणसाशी कोण लग्न करणार, अशी चर्चा ऑफिसात अधूनमधून व्हायची.

पण केलं एकीने. हॉस्पिटलात नर्स होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा अचानक गेला होता, मुलगी तेव्हा दोन वर्षांची. गेल्या वर्षी चौकटराव आपली पुस्तकं, दोन पँटी आणि स्वतःचा इस्त्रीचा बोर्ड घेऊन त्या घरात राहायला आला. बायको त्याला मुद्दाम, खोडीने, 'अहो' म्हणायची. "उशिरा मिळालेला नवरा आहे, जरा हौस करून घेऊ दे," म्हणायची. मुलीने ते ऐकलं आणि तीही त्याला 'अहो' म्हणू लागली. 'अहो, माझा मोजा सापडत नाही.' 'अहो, आई बोलावतेय.' काका म्हण असं कुणीकुणी सुचवून पाहिलं, पण तिला ते पटलं नाही. काका तिला आधीच दोन होते आणि दोघंही गाल ओढायचे.

अहोंशी ती नीट वागायची. फक्त एक गोष्ट होती. शाळेचं दप्तर ती त्यांच्या हातात कधी देत नसे. खांदे वाकले तरी स्वतःच उचलायची. आईजवळ मात्र दारातूनच भिरकावून द्यायची. चौकटराव हे रोज बघत होता आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

मग बायकोची हॉस्पिटलातली पाळी बदलली. शाळा सुटल्यावर मुलगी ज्या पाळणाघरात थांबायची, तिथून संध्याकाळी तिला आणायचं काम त्याच्याकडे आलं. तो पहिल्याच दिवशी वेळेआधी जाऊन उभा राहिला. दारावरच्या मावशी जाडजूड, हसऱ्या आणि नियमाला पक्क्या. त्यांनी समोरच्या स्क्रीनवर मुलीचं नाव काढलं. पुढे दोनच रकाने होते, आई आणि वडील.

"तुम्ही यात नाही हो," मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे," तो म्हणाला. ही व्यवस्था त्याच्याच ऑफिसने बनवलेली होती. तो तिथे लागायच्या कितीतरी आधी बाईंनी, म्हणजे त्याच्या मालकिणीने, ती एकटीने उभी केली होती.

मावशींनी आईला फोन लावून खात्री केली आणि मुलीला सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशीही. बायको कुणाला तरी सलाइन लावत असायची आणि फोन वाजत राहायचा. शेवटी मावशी आपुलकीने म्हणाल्या, "असं करू या का? वडिलांच्या रकान्यात तुमचं नाव घालते. आहे ते पुसायचं, तुमचं लिहायचं. कायमची कटकट मिटली."

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. रकान्यात त्या माणसाचं नाव होतं आणि पुढे एक फोन नंबर, जो आता कुणीच उचलणार नव्हता. खाली 'बदला' असं बटण. चौकटरावाला पक्कं माहीत होतं की या कपाटात एकावर दुसरं लिहिलं की पहिलं गेलं, त्याचा मागमूस राहत नाही. बाईंनी ते तसंच केलेलं होतं. मुलगी बाजूला बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"नको," तो म्हणाला. "फोनच करा. मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या खोलीत गेला. बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्याने फळ्यावर लिहायलाच सुरुवात केली. माणसांचे रकाने करायचे नसतात, कारण प्रत्येक घरात माणसं सारखी नसतात. कुणाकडे आजी असते, कुणाकडे मामा, कुणाकडे दोन्ही. माणसांचं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, वेगळं हवं, मुलांचं वेगळं, आणि कोण कुणाचं कोण लागतं हे तिसऱ्यात. नवं माणूस आलं की नवी ओळ जोडायची, जुनी पुसायची नाही. शिवाय वडील असणं ही एक गोष्ट आणि दारातून मुलाला नेता येणं ही दुसरी.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "चालतंय ना पण? इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाई."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" बाई म्हणाल्या. "लेकीला आणायला जातोस ना तू आता?"

त्याचे कान लाल झाले. लेक हा शब्द त्याच्याबाबतीत कुणी पहिल्यांदाच वापरला होता.

"कर," बाई म्हणाल्या. "आणि मी काही मूर्ख नव्हते बरं का. तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे आई आणि वडील. माझा घटस्फोट नंतर झाला."

रविवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. बराच वेळ घुटमळून त्याने विचारलं, "त्यांची ओळ ठेवायची ना? म्हणजे, काही जण अशा वेळी काढून टाकतात."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "तो आता नाही, हे खरं. पण तो नव्हताच, असं कुठे आहे?"

"तसं नाहीच."

"मग ठेवा." ती पुन्हा घडी घालू लागली. तिचे डोळे भरले होते, आणि त्याला वाटलं की आपण या बाईवर आजवर जितकं प्रेम केलं त्याहून जास्त आत्ता करतोय. पण हे बोलायचं कसं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने तिच्या ढिगातले मोजे जोड्यांत लावायला घेतले.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही तिचे कोण?"

नात्यांची यादी त्याने ठरवून बंद ठेवली होती. वाटेल ते लिहायची मुभा दिली की एक जण मामा लिहितो, दुसरा मामाजी, तिसरा आईचा भाऊ, आणि मग शोधायला गेलं की काही सापडत नाही. यादीत वडील होतं, पण ते तो स्वतःपुढे लावू धजत नव्हता. सावत्र हा शब्द त्याने यादीत घेतलाच नव्हता, त्याला तो बघवत नसे. कोरं सोडावं, तर रकाना कोरा ठेवता येणार नाही हा नियमही त्याचाच.

"इतर," तो म्हणाला.

"इतर," बायको म्हणाली, आणि सगळे मोजे उचलून आत गेली. रागावली होती.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या संध्याकाळी तो मनातून खूश होता. मावशींनी फोनला हात लावला नाही. मुलगी नुकतीच भरभर वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची, औषधाच्या बाटलीपासून लिफ्टमधल्या सूचनेपर्यंत. ती मावशींच्या टेबलाला लोंबकळून स्क्रीन वाचू लागली.

"आई. न्यायला परवानगी, होय." मग पुढची ओळ. "वडील. न्यायला परवानगी…" ती थांबली. "नाही."

मावशींनी स्क्रीन फिरवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"बाबांना परवानगी का नाही?"

मावशींनी चौकटरावाकडे बघितलं. मुलगीही त्याच्याकडे वळली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," चौकटराव म्हणाला.

"तुम्ही बाबांना नाही म्हणालात?"

"अगं, तसं नाही. ते येऊ शकत नाहीत ना, म्हणून…"

"मला माहितीये ते येऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "पण तुम्ही नाही का म्हणालात?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान जवळ तरी घेता आलं असतं. तिने दप्तर पाठीला लावलं आणि ती चालू लागली. घरापर्यंत ती पुढे आणि तो मागे. रस्ता ओलांडायला हात धरावा लागला तेव्हा तिने एक बोट दिलं, आणि पलीकडे पोचताच ते काढून घेतलं.

जेवताना तो तेच आठवत होता. पोरीचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. बाईंना फळ्यावर व्याख्यान झोडून आला होता, आणि स्वतः तेच करून बसला होता, एका रकान्यात दोन गोष्टी. त्या माणसाला येता येत नाही ही एक गोष्ट. त्याला यायला कुणी मनाई केली आहे का, ही अगदी वेगळी. ती मनाई कुणी कधीच केली नव्हती. ती त्याने, परक्याने, घरात राहायला आल्यावर एका शब्दात करून टाकली होती.

सकाळी त्याने बदल करून बाईंपुढे ठेवला. कोणतीही दुरुस्ती दोघांनी बघायची, असा ऑफिसचा शिरस्ता होता. बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"गेलेल्या माणसाला परवानगी, होय?"

"हो. ती त्यांच्याकडून कुणी काढून घेतलेली नाही."

"आणि उद्या कुणी त्यांचं नाव सांगून दारात उभं राहिलं तर?"

"माणूस हयात आहे की नाही, ते माणसाच्या टेबलात. दार उघडण्याआधी दोन्ही तपासलं जातं. ते मावशींना कळतं, मुलांच्या डोळ्यांपुढे येत नाही."

बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. "असे किती असतील रे आपल्याकडे? 'नाही' म्हणून बसलेले?"

"शोधले. आहेत काही. सगळ्यांचं बदललंय."

बाईंनी मंजुरीचं बटण दाबलं. मग चष्मा परत डोक्यावर सारत म्हणाल्या, "सगळ्यांचं केलंस, आणि स्वतः अजून इतर?"

"माझं मी कसं ठरवणार?" तो म्हणाला, आणि उठला.

संध्याकाळी मुलगी बाहेर आली ती त्याच्याकडे न बघताच. मावशींनी मात्र आज मुद्दाम स्क्रीन तिच्या बाजूला वळवून ठेवला होता. ती आधी वाचायला तयार नव्हती. मग तिला राहवलं नाही.

"आई. होय," तिने हळू आवाजात वाचलं. "वडील. होय." तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं, ओठ हलले तेवढे दिसले. काचेवर त्या शब्दाखाली तिने बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. मावशी पदराने उगाचच टेबल पुसू लागल्या.

मग ती खालच्या ओळीवर आली. "इतर. होय." तिने भुवया आक्रसल्या. "मावशी, इतर कोण?"

"हे काय, हे."

"हे इतर नाहीत. हे अहो आहेत."

"यादीत अहो नाही गं बाळा. मला यादीतलंच घ्यावं लागतं."

मुलगी त्याच्याकडे वळली. कालपासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "यादी कोण करतं?"

"मी," चौकटराव म्हणाला.

"मग घाला की."

एका माणसासाठी यादी बदलायची नसते, हे त्याने नव्या मुलांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ती त्याच्या मागे त्याची नक्कल करत. "घालतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी, पहिलं काम."

दोघं बाहेर पडले. फुटपाथ अरुंद होता, तरी ती आज पुढे न पळता शेजारून चालत होती. बेकरी मागे पडली, सायकलवाल्याचं दुकान मागे पडलं. ती काहीतरी विचार करत होती हे त्याला दिसत होतं.

"अहो."

"काय गं?"

"समजा बाबा आले असते आज. परवानगी आहे ना त्यांना. तर मग तुम्ही काय केलं असतं?"

त्याने खरंच विचार केला. खोटं उत्तर तिला लगेच कळलं असतं.

"तू त्यांचा हात धरला असतास," तो म्हणाला. "आणि मी मागून तुझं दप्तर घेऊन आलो असतो."

ती चार पावलं तशीच चालली. मग थांबली, एकेक करून दोन्ही पट्टे खांद्यावरून काढले आणि दप्तर त्याच्यापुढे धरलं. चांगलंच जड होतं. त्याने ते खांद्याला लावलं, आणि तिने त्याचा रिकामा हात धरला, आज सगळ्या बोटांनी.