कोऱ्या ओळीखालचे अकरा शिक्के

मित्रांनो, मला पाय नाहीत, तरी आमच्या गावात माझ्याइतकं कुणी हिंडलेलं नाही. मी उशिमोदोरी गावची जुनी निरोपाची फळी आहे. कुठे नाला साफ करायचा आहे, कुणाकडे बारसं आहे, कुणाच्या घरी दुखवटा आहे, असा प्रत्येक कागद माझ्या छातीवर बांधून या दारातून त्या दारात गेला. आज माझ्या छातीवर काहीच नाही. पाठीवर मात्र पुष्कळ आहे.

माझा जन्म मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याच्या, पिंपात झाला. वरच्या घरातल्या पिंपाचं देवदारी झाकण फुटलं, तेव्हा घरधन्याने त्याचा धड तुकडा कापला, घासला आणि वर भोक पाडून दोरी ओवली. दमट दिवसांत अजून मला मिसोचा वास येतो. मला त्याची लाज वाटत नाही. ज्याचं त्याचं कूळ.

आमच्या गावात अकरा घरं. सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून घरांनाच नावं होती: वरचं घर, पाणचक्की, देवळामागचं, असं उतरत उतरत शेवटी खालचं घर. वरचं घर सगळ्यात जुनं, मानाचं. माझी फेरी तिथून सुरू व्हायची. घरातल्या माणसाने कागद वाचायचा, आपल्या चौकटीत सहीऐवजी लहानसा लाल शिक्का मारायचा आणि मला पुढच्या घराच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचं. एका घरात एक दिवस, त्याहून जास्त नाही. अकराव्या दिवशी मी खालच्या घरी पोचायची, आणि तिथली सुएनो मला पुन्हा वर नेऊन द्यायची.

पाणचक्कीचा इसाकु मला जेवायच्या पाटावरच घ्यायचा.

"काय गं फळे, आज काय आणलंस? परत नालाच ना?"

"फळीशी गोड बोलतोय बघा," त्याची बायको आतून म्हणायची. "माझ्याशी बोलायचं तर तोंडात भात असतो."

सुएनोचा हात वेगळा. दर नव्या वर्षाला ती माझी दोरी बदलायची आणि ओल्या फडक्याने मला पुसायची. "अकरा घरांची धूळ घेऊन येते बिचारी," म्हणायची. इतकं कौतुक मला दुसऱ्या कुणी केलं नाही. ती खिंडीपलीकडच्या गावातून सून म्हणून आली होती. नवऱ्याचा बाप, नवरा, मुलगे, सगळे लाकूडतोडीला बाहेरगावी असायचे. भातखाचरांत राबायच्या त्या सासू आणि सून. आमच्या उतारावर चौदा खाचरं, आणि प्रत्येकाला नाव. रोप लावता लावता सासू नाव सांगायची, ते का पडलं ते सांगायची, आणि सून चिखलात वाकून ऐकायची. पुरुषांना ही नावं अर्धीमुर्धी ठाऊक होती. ज्याचा पाय चिखलात, त्यालाच चिखलाचं नाव.

मग तीन गावं मिळून एक नगर झालं आणि कचेरीतून एक कागद आला. ओगाता नावाचा तरुण कारकून तो स्वतः घेऊन आला. गावाचं आणि प्रत्येक खाचराचं जुनं नाव लिहा, ते का पडलं ते लिहा. ज्यांचं कारण मिळेल ती नावं नव्या नकाशात राहतील. बाकीच्यांना आकडे. मुदत एक महिना. कागदावर अकरा ओळी, प्रत्येक घराला एक, आणि शेजारी शिक्क्याची चौकट.

मला आनंदाने दोरी तुटेल की काय असं झालं. नाल्याचे निरोप वाहून आयुष्य गेलेलं, आता पहिल्यांदा गावच माझ्या छातीवर येणार होतं.

पहिलं घर वरचं. तिथे आता त्या जुन्या धन्याचा मुलगा तोकुजी राहत होता, सत्तरीचा, ताठ मानेचा. त्याने कागद दोनदा वाचला. पेन उघडलं. बंद केलं. शिक्का मारला. ओळ कोरी.

पाणचक्कीत इसाकुने पेन घेतलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, थांबा! वरच्या घराने कोरं सोडलंय, दिसत नाही का? तुम्ही लिहिलंत तर त्यांना काही येत नाही असा अर्थ होईल."

"हं. खरंच की." शिक्का. ओळ कोरी.

देवळामागच्या घराने दोन कोऱ्या ओळी पाहिल्या. चौथ्या घराने तीन. कोणाला एक नाव आठवत होतं, कोणाला दोन, पण मोठ्यांच्या कोऱ्या ओळीखाली आपली शहाणी ओळ कोण लिहिणार? सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी. मित्रांनो, यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळे फक्त फार सभ्य होते.

शेवटी मी सुएनोकडे आले. तिने चष्मा लावून दहा कोऱ्या ओळी पाहिल्या. त्या घरात मी तीन दिवस राहिले, जे कधीच झालं नव्हतं. रोज ती पेन्सिलीला टोक करायची, कागदावर हात टेकवायची आणि काढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी माझ्याशीच बोलली.

"मी बाहेरून आलेली बाई. मूळ घराने नाही लिहिलं, तर मी कोण लिहिणारी?"

आणि तिने शिक्का मारला. तेव्हा मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

ओगाता आला, त्याने कागद बघितला आणि खूश झाला. "अकराच्या अकरा शिक्के! म्हणजे कुणाची हरकत नाही तर." त्या पावसाळ्याआधी खाचरांच्या बांधांवर एक ते चौदा आकड्यांचे खुंट ठोकले गेले. नकाशात आमचं गाव 'विभाग चार' झालं. ज्यांनी ते खुंट पाहिले त्यांनी मान हलवली आणि आपापल्या घरी गेले.

त्यानंतर सुएनोने एक गोष्ट सुरू केली. दर फेरीला मी तिच्याकडे आले, की ती मला पालथी घालायची आणि माझ्या पाठीवर कुंचल्याने एक नाव लिहायची. मीठटेक: इथे मीठवाले ओझं उतरवून दम खायचे. पायधुणं: खिंडीतून आलेल्या नवऱ्या मुली इथे चिखलाचे पाय धुऊन गावात शिरायच्या. ते लिहिताना तिचा हात जरा थांबला. तिनेही तिथेच पाय धुतले होते. शाई वाळली की ती मला सरळ करायची आणि वर नेऊन द्यायची. फळीची पाठ कोण बघतो? कोणीच बघितली नाही.

घरं मात्र मिटत गेली. इसाकु गेला, त्याची बायको मुलीकडे गेली. देवळामागच्यांनी कुलूप लावलं. माझी फेरी अकरा दिवसांची होती, ती सातांची झाली, मग चारांची. शेवटी दोनच घरं उरली, वरचं आणि खालचं. एका सकाळी बर्फावर तोकुजीचा पाय घसरला आणि मी त्याच्या हातातून पालथी पडले. तो मला उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मग काठी टेकत थेट खाली आला.

"वहिनी, हे काय आहे? 'भूकफेड: दुष्काळात वरच्या घराच्या म्हातारीने या खाचराचा भात अकरा घरांत वाटला, स्वतःला बी ठेवलं नाही.' हे माझं खाचर?"

"तुमचंच. सात नंबरचं."

"माझ्याच घरातली म्हातारी, आणि मला ठाऊक नाही! तुम्हाला ठाऊक होतं, मग त्या कागदावर का नाही लिहिलंत?"

"तुमची ओळ कोरी होती, भाऊजी. कोऱ्या ओळीखाली मी कशी लिहू?"

तोकुजी उंबऱ्यावर बसला. "अहो, मला येतच नव्हतं काही. आयुष्यभर जंगलात करवत ओढली मी. येत नाही असं लिहायची लाज वाटली. म्हटलं, खाली सुएनो वहिनी आहेत, त्या लिहितील. म्हणून तर कोरं सोडलं."

मग सुएनोला हसू आलं, आणि हसता हसता तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "मेलं आपलं शहाणपण," ती म्हणाली.

ती दोघं एकदा कचेरीत जाऊन आली. ओगाताने खुर्ची दिली, चहा दिला, आणि नकाशा छापून झाल्याचं सांगितलं.

पुढचे दोन हिवाळे तोकुजी रोज खाली यायचा. ती नाव सांगायची, तो त्या खाचरात जाऊन उभा राहायचा आणि माझ्या पाठीवर त्या नावाशेजारी आपला लाल शिक्का मारायचा. सगळ्यात शेवटी तिने गावाचं नाव लिहिलं. उशिमोदोरी, म्हणजे बैल परत आला ते ठिकाण. एक मीठवाला खिंडीतल्या बर्फात मेला आणि त्याचा बैल ओझ्यासकट एकटाच माघारी येऊन इथे उभा राहिला. बायको शोधत आली, तिला बैल सापडला, आणि वसंतात बर्फ वितळून नवरा सापडेपर्यंत ती इथेच झोपडी बांधून राहिली, मग परत गेलीच नाही. तेच गावातलं पहिलं घर.

"वरचं घर?" तोकुजीने विचारलं.

"वरचं घर. तीही बाहेरून आलेली बाईच होती."

त्या वसंतात सुएनो गेली.

त्यानंतर तोकुजी काय करायचा सांगू? कागद येणं बंद झालं होतं. तरी तो संध्याकाळी मला खाली आणून तिच्या बंद दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा आणि सकाळी स्वतःच येऊन घेऊन जायचा. एका माणसाची फेरी. वाटेत माझ्याशी बोलायचा, पण उत्तर ऐकायला थांबायचा नाही. मी इतकी एकटी कधीच नव्हते, आणि तोही.

एक दिवस पुतण्या मोटार घेऊन त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यायला आला. तोकुजीने मोटार खालच्या घरापाशी थांबवायला लावली आणि मला खिळ्याला अडकवलं. "लटकून राहा," म्हणाला. "बैल आला होता परत. मीही येईन."

त्याला चार वर्षं झाली.

मित्रांनो, माझी कोरी बाजू रस्त्याकडे आहे आणि लिहिलेली भिंतीकडे. बर्फ आत झिरपतो, शाई फिकी होते, माझी दोरी आता कुणी बदलत नाही. कधी खिंड चढून आलात, तर खालच्या घराच्या दारापाशी थांबा आणि मला उलटी करा. चौदा खाचरं आहेत, एक गाव आहे. सावकाश वाचा. आणि वाचून झालं की नुसता शिक्का मारून जाऊ नका. वरची ओळ कोरी असली तरी चालेल, तुम्हाला जे ठाऊक आहे ते तिच्याखाली लिहा.